दिमागाची गोळी

गिऱ्हाईक डॉक्टरांचा पर्चा पुढे सरकवतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "काए भैया, जा नींद की गोली है का?" पर्च्यावर एस्सिटालोप्राम असो, रिस्पेरिडोन असो की लिथियम, प्रश्न तोच. झोपेची गोळी असेल तर घरी सांगता येतं. 'दिमाग की' असेल तर गोळ्यांचा पत्ता पिशवीच्या तळाशी जातो आणि वर बटाटे येतात.

एरच हे झाशी जिल्ह्यातलं, बेतवेच्या काठावरचं जुनं गाव. ही हिरण्यकश्यपूची राजधानी होती, होळी पहिल्यांदा इथेच पेटली, असं इथला लहान पोरही छाती काढून सांगतो. (ज्या बापाला स्वतःच देव असल्याची खात्री पटली होती, त्याचं निदान करण्याचा मोह मी आवरतो.) आमचं घराणं गोविंदपंत बुंदेल्यांच्या मागून या मुलखात आलं. घरात मराठी, दारात बुंदेली आणि काउंटरवर दोन्हींची खिचडी, असं आमचं चालतं. मी डॉक्टर नाही. डी. फार्म. करून बाजारात औषधाचं दुकान चालवतो. झाशी, ग्वाल्हेर आणि आग्र्याच्या मनोविकारतज्ज्ञांचे पर्चे वाचता वाचता आणि त्या गोळ्या शरीरात जाऊन करतात काय हे पुस्तकांतून धुंडाळता धुंडाळता केस पांढरे झाले. पुण्याकडचे लोक थट्टेत 'येरवड्याला पाठवा' म्हणतात, मुंबईकर 'ठाण्याला' म्हणतात, तसं आमच्याकडे 'आग्रा भेज देंगे' म्हणतात. तिथलं मनोरुग्णालय 1859 सालचं. या आग्र्याचा विषय पुढे येईल, आणि तो थट्टेचा नाही.

लोकांचा पहिला हट्ट एमआरआयचा असतो. मुलगा रात्रभर जागतो, भिंतीशी बोलतो, तर 'सर का फोटो' काढला की दोष दिसेल आणि दोष दिसला की तो कापून काढता येईल, असा हिशेब. झाशीला जाऊन, कर्ज काढून लोक फोटो काढतात आणि 'नॉर्मल' असा रिपोर्ट घेऊन येतात. मग घरात निष्कर्ष निघतो की हे एक तर ढोंग आहे, नाही तर बाधा. खरी गोष्ट अशी की नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार यांचं निदान करणारी फोटोची किंवा रक्ताची तपासणी आजही जगात कुठे नाही. शेकडो रुग्णांच्या मेंदूंची सरासरी काढली तर फरक दिसतात. वारंवार नैराश्य येणाऱ्यांत हिपोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग किंचित लहान आढळतो. पण तो फरक इतका थोडा असतो की एका माणसाचा फोटो पाहून काही ठरवता येत नाही. फोटो आणि रक्त तपासतात ते वेगळ्याच कारणासाठी. गाठ, मार, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह असलं काही मनोविकाराचं सोंग घेऊन आलेलं नाही ना, हे बघायला. थायरॉइड मंदावलेली बाई हुबेहूब नैराश्यातल्या बाईसारखी बसून राहते. म्हणून डॉक्टरांनी टीएसएच लिहिली तर ती करून घ्या, पैसे उकळायला लिहिली असं समजू नका.

मानसोपचाराच्या इतिहासात असे काही मुखवटे खरोखर गळून पडले आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एक आजार फार दिसे. माणूस आधी बडेजावाच्या भ्रमात जाई, मग लुळा पडून मरे. 1913 मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले आणि विषय मिटला. दुसरं उदाहरण आपल्या भाकरीतलं आहे. पेलाग्रा या आजारात उन्हात उघडी पडणारी कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि डोकं बिघडतं. शरीरात नायासिन कमी पडतं. अमेरिकेत तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांना होई. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच पोट भरणाऱ्यांतही तो दिसे, आणि हैदराबादच्या सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतल्या ल्युसिनशी त्याचा संबंध जोडला. नायासिनची गोळी स्वस्तातली, आणि वेळेत दिली तर डोकं ताळ्यावर येतं. गंमत अशी की कारण नेमकं सापडलं की तो आजार मनोविकारतज्ज्ञांच्या हातून निसटून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. मनोविकारतज्ज्ञांकडे उरतात ते कारणांचा गुंता न सुटलेले आजार, आणि मग लोक म्हणतात की यांना काहीच कळत नाही.

गुंता पूर्ण सुटला नाही, तरी एक टोक हाती लागलं आहे, आणि ते आपल्याच मातीतल्या मुळीमुळे. सर्पगंधा. बिहारकडे ही मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जाई. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम छापून आणला. परदेशात त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. 1949 मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ती वापरून लेख लिहिला. तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि मग मात्र जगाचे कान टवकारले. 1952 मध्ये सीबा या स्विस कंपनीने मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, आणि दोनएक वर्षांत न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देऊ लागले. त्याच 1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमेझिन आलं. बेड्या आणि बर्फाच्या अंघोळी यांपलीकडे फारसं काही नसलेल्या वॉर्डांत पहिल्यांदा लोक शांत बसून जेवू लागले.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची पायरी. रेसरपिन करतं काय, याचा शोध सुरू झाला. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या रसायनांच्या मदतीने: सिरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन. ही रसायनं पेशीच्या टोकाशी बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपिन तो साठाच रिता करतं, हे अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये दिसून आलं. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून, गोठल्यासारखे बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, म्हणजे शरीर ज्यातून डोपामिन बनवतं तो कच्चा माल. थोड्या वेळात ससे उठून हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, हे यातून पक्कं झालं, पार्किन्सनचा उपचार यातून आला आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. स्किझोफ्रेनियाची औषधं डोपामिनचा निरोप ज्या कुलपात शिरतो ते कुलूप अडवतात, हेही याच वाटेने उलगडलं. तेच कुलूप हालचालींच्या भागातही असतं. म्हणून हॅलोपेरिडोल घेणाऱ्याचे हात थरथरतात, चेहरा लाकडी होतो आणि डॉक्टर सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल लिहितात. "दवाई ने मोड़ा को पुतला बना दओ" म्हणत औषध बंद करणाऱ्या आईला मी हे सांगतो. गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना थरथर दाखवायची असते. मात्रा कमी होते, गोळी बदलून मिळते.

रेसरपिनवरच्या काही रक्तदाबाच्या रुग्णांना उदासी आल्याच्या नोंदीही तेव्हा झाल्या. त्या नोंदींवर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण तोवर एक सुटसुटीत कल्पना रुजली होती: रसायन कमी पडलं की नैराश्य, ते वाढवलं की बरं. सिरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या 1980 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आल्या, तेव्हा कंपन्यांचे प्रतिनिधी हेच चित्र दुकानोदुकानी वाटत फिरले. सोपं होतं, म्हणून टिकलं. मी ते आता कोणाला सांगत नाही. गोळी घेतल्यावर सिरोटोनिन काही तासांत वाढतं, मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. कमतरता एवढंच कारण असतं, तर दुसऱ्या दिवशी फरक पडायला हवा होता. 2022 मध्ये जोअॅना माँक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आजवरचे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की नैराश्यात सिरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा नाही. काहींनी यावरून गोळ्याच खोट्या ठरवल्या. तो निष्कर्ष मला पटत नाही. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप क्रोसिनच्या कमतरतेने आला असं कोणी म्हणत नाही, आणि त्यामुळे क्रोसिन खोटी ठरत नाही. आज अंदाज असा आहे की वाढलेलं सिरोटोनिन हे निमित्त असतं. त्यानंतर हळूहळू पेशींमधले जोड बदलतात, मेंदूची नवं शिकण्याची लवचीकता परत येते, आणि त्याला आठवडे लागतात. काउंटरवर यातला एकच भाग उपयोगी पडतो. आठ दिवसांत 'कुछ नईं भओ' म्हणत पत्ता परत करायला आलेल्याला मी तो परत घेत नाही, 'महिना पुरा करो, कक्का' म्हणून घरी पाठवतो. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात गोळी तोडणाऱ्यालाही अडवतो. चक्कर, डोक्यात विजेचे झटके, चिडचिड; मेंदूने जे जुळवून घेतलेलं असतं ते उलटं फिरवायलाही वेळ द्यावा लागतो.

चिंतेच्या आजाराची गाठ पडते ती छातीदुखीच्या रूपात. धडधड, घाम, श्वास अडकणं, आता मेलोच अशी खात्री. माणूस झाशीला हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो, ईसीजी चांगला येतो, पुन्हा महिन्याने जातो. कानशिलांच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोका ओळखून शरीराला सावध करतो. साप दिसला तर हे हवंच. पॅनिकमध्ये साप नसताना तीच यंत्रणा पूर्ण जोराने सुटते. धडधड खरी, घाम खरा. ढोंग त्यात औषधालाही नाही. अल्प्राझोलाम या यंत्रणेला अर्ध्या तासात गप्प करतं, कारण ते गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतं. इतकं झटपट काम करतं हाच त्याचा धोका आहे. मेंदूला सवय लागते, मात्रा वाढत जाते. ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे: विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. पर्च्याशिवाय एक पत्ता द्या म्हणून गळ घालणाऱ्यांत ओळखीचे, मानाचे लोक असतात. ही वही पुढे केली की वाद मिटतो.

मन आणि मेंदू या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, हे मला सगळ्यांत स्पष्ट दाखवलं ते धुण्याच्या आजाराने. हात पुन्हा पुन्हा धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा बघणं, पाप होईल या भीतीने एकच जप मोजत राहणं. आमच्याकडे अशी बाई 'बड़ी सफाईवाली' म्हणून आधी वाखाणली जाते. हातांची सालटं निघू लागली की मग कोणी दुकानात मलम मागायला येतं. या आजारात कपाळामागचा मेंदू, खोलवरचं स्ट्रायाटम आणि थॅलॅमस यांचं वर्तुळ 'झालं, पुरे' हा निरोप पोचू न देता फिरत राहतं. 1992 मध्ये लॉस अँजेलिसच्या लुइस बॅक्स्टर यांनी नऊ रुग्णांना फ्लुओक्सेटिन दिलं आणि नऊ जणांना गोळीविना वर्तनोपचार: घाणीला हात लावायचा आणि धुवायचं नाही, भीती ओसरेपर्यंत बसायचं. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट या भागाची वाढलेली धग दोन्ही गटांत सारखीच उतरलेली दिसली. रुग्ण थोडे होते, पण मुद्दा मोठा. नुसत्या सरावानेही मेंदू बदलतो. 'मेंदूचा आजार आहे म्हणजे गोळीच हवी' आणि 'बोलण्याने बरा होतो म्हणजे मेंदूचा नाही' ही दोन्ही वाक्यं मग पोकळ ठरतात.

रक्ताचा प्रश्न लग्नं ठरवताना येतो. स्किझोफ्रेनिया घराण्यात चालतो का? चालतो, पण लोक समजतात तसा नाही. एकाच गर्भबीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. इतर लोकांत हा आजार शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे आणि तरीही जनुकं सारखी असूनही दुसरं भावंड वाचू शकतं. एक 'वेडाचं जनुक' शोधायला निघालेल्या शास्त्रज्ञांना 2022 पर्यंत जनुकसंचातल्या 287 जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा इवलासा. त्यांतली एक जागा मला फार बोलकी वाटते. ज्वारी दाट उगवली की शेतकरी विरळणी करतो, काही रोपं उपटतो म्हणजे बाकीची धरतात. किशोरवयात मेंदूही पेशींमधल्या जादा जोडांची अशीच विरळणी करतो. आयर्विन फाइनबर्ग यांनी 1982 मध्येच म्हटलं होतं की स्किझोफ्रेनियात ती गरजेपेक्षा जास्त होत असावी. 2016 मध्ये बोस्टनच्या एका गटाने दाखवलं की सी-फोर हे जनुक कोणते जोड काढायचे याच्या खुणेशी निगडित आहे, आणि त्याचे जास्त सक्रिय प्रकार असणाऱ्यांना धोका थोडा जास्त. आजार बहुधा सोळा ते पंचविशीच्या दरम्यान का उफाळतो, याचं निदान एक शक्य उत्तर यात आहे. बारावीला हुशार असलेला मुलगा कोट्याला गेला आणि वर्षभरात खोलीत कोंडून बसला, की सगळे कोट्याला किंवा प्रेमप्रकरणाला दोष देतात. ताण हे निमित्त असू शकतं. गांजा तर धोका वाढवतोच. पण विरळणीचं वय तेच असतं.

आता आग्रा. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनियाचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. प्रश्न साधा होता: हा आजार सगळीकडे एकच आहे, की पाश्चात्त्य डॉक्टरांनी दिलेलं नाव? केंद्रं नऊ निवडली: आर्हुस, काली, इबादान, लंडन, मॉस्को, प्राग, तैपेई, वॉशिंग्टन आणि आग्रा. आग्र्याचं काम डॉ. के. सी. दुबे यांनी पाहिलं. ज्या गावाच्या नावाने आम्ही मुलांना घाबरवतो, तिथल्या रुग्णांना एका मापाच्या प्रश्नावलीने तपासलं गेलं, लंडनच्या रुग्णांना तपासलं अगदी तसंच. एकूण 1202 रुग्ण. 1973 मध्ये पहिला अहवाल आला. आवाज ऐकू येणं, कोणी तरी मनातले विचार काढून घेतंय असं वाटणं, आपल्याला आजार आहे हेच न कळणं. ही लक्षणं नवांच्या नवांत ओळखू येतील इतकी सारखी होती. आवाजाची भाषा बदलते, आवाज ऐकवणारं कुठे यंत्र असतं तर कुठे चुडैल, पण ढाचा तोच. बाधा म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरा निष्कर्ष मात्र कोणाच्या अपेक्षेत नव्हता. दोन आणि पाच वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं, तेव्हा आग्रा, इबादान आणि काली इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा सरासरीने बरे निघाले. औषधं तर तिकडे जास्त होती. का? वाद अजून चालू आहे. सुटून गेलेले रुग्ण कोण, मृत्यू किती, बायकांची अवस्था काय, असे प्रश्न नंतरच्या संशोधकांनी उभे केले आणि ते रास्त आहेत. 'भारतीय कुटुंब महान' म्हणून टाळ्या पिटायला मी तयार नाही; इथली कुटुंबं मुलाला गोठ्यात साखळीने बांधतात, हेही मला माहीत आहे. पण एक धागा तपासला गेला आहे. घरच्यांची सततची टीका आणि वैरभाव मोजला तर आजार उलटण्याचा अंदाज येतो, हे लंडनमध्ये आधी दिसलं होतं. 1987 मध्ये नरेंद्र विग, ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी चंदिगडमध्ये तेच मोजलं. टीकेची मात्रा लंडनपेक्षा कमी होती. म्हणजे चुलीपुढे बसून 'काए, दिनभर सोउत रात' असं सुनावणारी जीभही मेंदूच्या आजाराच्या वाटचालीत धरावी लागते. ती कॉर्टिसोलच्या, मोडलेल्या झोपेच्या वाटेने आत पोचते. कर्जही त्याच वाटेने पोचतं. बुंदेलखंडात पाऊस चुकला की माझ्याकडचे पर्चे वाढतात, हे मी पाहत आलो आहे.

याच आग्र्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आग्रा, ग्वाल्हेर आणि रांची इथल्या मनोरुग्णालयांची अवस्था सुधारावी म्हणून 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला देखरेख करायला सांगितलं. आणि इस्पितळाची भीती वाटणारी माणसं जिथे जातात तिथलं चित्रही गोड नाही. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात आग लागली, तेव्हा साखळ्यांत बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीला स्पष्ट बंदी केली आहे. आमच्याकडचे लोक मेहंदीपूरच्या बालाजीला जातात, गावातल्या गुनियाकडे जातात. मी कोणाला जाऊ नका म्हणत नाही, कारण म्हटलं तर ते दुकानात यायचे थांबतील. 'जाओ, पर पत्ता संगे लै जाओ,' एवढंच म्हणतो.

जेठ महिन्यात मी एका औषधाच्या गिऱ्हाइकांवर जास्त लक्ष ठेवतो. लिथियम. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी ते गिनीपिगांना टोचून पाहिलं आणि मग उन्मादाच्या रुग्णांना दिलं. द्विध्रुवी विकारात आजही त्याच्या तोडीचं औषध थोडंच आहे. ते नेमकं कसं काम करतं यावर अजून एकमत नाही. ते मिठासारखंच एक क्षार-द्रव्य आहे, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमच्या भावासारखं वागवतं. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातली पातळी चढते. लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल ठीक असते. त्याच्या फार वर गेलं की हात जोरात थरथरतात, उलट्या होतात, बोलणं अडखळतं. अंगदुखीसाठी सोबत आयबुप्रोफेन घेतलं तर आणखीच चढते. म्हणून एप्रिलपासूनच मी विचारायला लागतो: पातळी तपासली का, शेतावर पाणी किती नेता, मीठ तोडलंय का कोणाच्या सांगण्यावरून, दुखण्याची गोळी कोणती घेता. बीपीसाठी मीठ बंद केलेल्या एका दद्दांना मी औषध न देताच आधी मोंठ गावी रक्त तपासायला पाठवलं. ते चिडून गेले, आणि रिपोर्ट घेऊन थेट डॉक्टरांकडेच गेले.